ड्रिपिंग पॅनचे सभासद

नोकरीनिमित्त ब्रायटनला आलो तेव्हा फुटबॉल मला टीव्हीवरचाच ठाऊक. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "चल, खरा फुटबॉल दाखवतो," आणि जवळच्या लुइस गावी घेऊन गेले. स्टेशनाला अगदी लागून मैदान. नाव 'ड्रिपिंग पॅन'. जुन्या मठातले साधू इथे मीठ काढत, अशी आख्यायिका. खोलगट जागा, कडेने गवताळ बांध, पलीकडे टेकड्या.

इंग्लंडातल्या वरच्या चार श्रेणींतले ९२ क्लब सोडले की बाकी सगळे नॉन-लीग. लुइसचा क्लबही त्यातलाच. इथे बिअरचा ग्लास हातात धरून खेळ बघता येतो. वरच्या श्रेणींत मैदान दिसेल अशा जागी दारू चालत नाही. मध्यंतर झालं की, आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्या टोकाला लोक निवांत चालत जातात. मी गोलच्या मागे कठड्याला टेकून उभा होतो. गोलकीपर बचावपटूंना हासडत असलेल्या शिव्या शब्दन् शब्द ऐकू येत होत्या, आणि मागचे एक आजोबा त्यात भर घालत होते.

क्लब १८८५ सालचा. २००८ मध्ये कॉन्फरन्स साउथ ही लीग जिंकून तो नॉन-लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर गेला. पण विजयाचा गुलाल उतरायच्या आत व्यवस्थापकाला नारळ मिळाला, खेळाडू पांगले आणि पुढच्याच हंगामात संघ तळाला जाऊन खाली आला. कर थकला, क्लब गुंडाळायची वेळ आली. २०१० मध्ये काही चाहत्यांनी एकत्र येऊन तो ताब्यात घेतला आणि पुढे भाग सर्वांना खुले केले. पैसे कितीही घाला, मत एकच.

मी सांगलीकडचा. सहकारी साखर कारखान्याचे सभासद, वार्षिक सभा, अहवाल यातच वाढलो, त्यामुळे भाग घेताना परकं वाटलं नाही. फक्त इथे सभासदाला सवलतीची साखर मिळत नाही!

२०१७ मध्ये या सभासदांच्या क्लबने पुरुष आणि महिला संघांना सारखंच बजेट द्यायचं ठरवलं. ज्या देशात १९२१ पासून जवळजवळ पन्नास वर्षं बायकांना फुटबॉल संघटनेच्या (एफए) सदस्य क्लबांच्या मैदानांवर खेळायला बंदी होती, तिथला हा निर्णय. २०२३ मध्ये महिला एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडचा महिला संघ याच मैदानावर आला. लुइस १-३ हरलं. २०२४ मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून खालीही आला. मोठ्या क्लबांच्या पैशापुढे टिकणं अवघडच. तरी माझ्या मते निर्णय बरोबरच होता.

लंडनला येणं झालं तर एक शनिवार राखून ठेवा. व्हिक्टोरियाहून लुइसला थेट गाडी आहे, आणि सामना सहसा दुपारी तीनला सुरू होतो.