इष्टूर फाकडा आणि कानांनी शिकलेला इतिहास

डिसेंबर १७७८ च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईकर फौज बोरघाट चढून खंडाळ्यास आली. सोबत रघुनाथराव, सुमारे चार हजारांचे सैन्य, तोफा आणि सामान वाहणारे हजारो बैल. लक्ष्य होते पुणे. ही फौज तळेगावला पोहोचली ९ जानेवारी १७७९ रोजी, म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटरच्या वाटेस दोन आठवडे लागले.

आज लोणावळ्याहून सुटलेली पुणे लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करीत पाऊण तासाच्या आत तळेगाव गाठते. इतिहासविषयक पॉडकास्टचा एक भागही साधारण तेवढाच असतो. हा धागा त्या पाऊण तासाविषयी आहे.

खंडाळ्यात राहून पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने ठरतो. खंडाळ्याला स्थानक आहे, पण पुण्याची लोकल तिथवर येत नाही. ती लोणावळ्यालाच संपते. म्हणून आधी लोणावळा गाठायचे, मग सुमारे चौसष्ट किलोमीटरचा प्रवास. जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास सहज जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे तीन तास फार महाग पडतात, कारण ते ग्रंथालयाच्या वेळेतून वजा होतात. पुण्यात राहणारा सहाध्यायी भारत इतिहास संशोधक मंडळात बसलेला असतो, तेव्हा खंडाळ्याचा विद्यार्थी चिंचवडच्या पुढे गर्दीत दांडीला धरून उभा असतो. तिथे सरदेसायांची ‘रियासत’ उघडणे अशक्य. कान मात्र मोकळे असतात.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ सालचा. मेल्विन ब्रॅग यांचा ‘इन अवर टाइम’ हा बीबीसीवरील कार्यक्रम त्याहून जुना, १९९८ पासूनचा. माइक डंकन यांनी २००७ ते २०१२ या काळात रोमचा समग्र इतिहास भागाभागांनी सांगितला आणि जगभरच्या कित्येक तरुणांना इतिहासाची गोडी त्यातून लागली. मराठीतही आता पुष्कळ काही ऐकायला मिळते. महाराष्ट्राला मात्र यात नवे काही वाटू नये. कीर्तन आणि पोवाडा हे ऐकण्याचेच प्रकार. शिवचरित्र घराघरांत पोहोचले, त्यात पुस्तकांइतकाच बाबासाहेब पुरंदरे यांच्या व्याख्यानांचा वाटा होता.

तरीही ऐकून शिकणे हे कमअस्सल शिकणे, असे विद्यापीठीय वर्तुळात अनेकदा मानले जाते. हे मत पूर्णपणे चुकीचे नाही. पण त्याचे उत्तर याच रेल्वेमार्गावर सापडते, म्हणून पुन्हा १७७९ कडे वळावे लागते.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धावरचा एखादा भाग लोणावळ्याला सुरू करावा. मळवलीच्या आसपास एका बाजूला लोहगड-विसापूर दिसतात, दुसऱ्या बाजूला कार्ल्याचा डोंगर. याच कार्ल्याजवळ ४ जानेवारी रोजी कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. फौज तरीही पुढे सरकली. तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जाळून मोकळे केलेले, दाणागोटा नाही, आणि समोर महादजी शिंदे व हरिपंत फडके यांचे सैन्य. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून कंपनीने माघार घेतली. ती वडगावला अडली, आणि तिथेच तिला तह करावा लागला. साष्टीसह जिंकलेला मुलूख परत देण्याचे आणि रघुनाथरावांना मराठ्यांच्या स्वाधीन करण्याचे तिने मान्य केले. कलकत्त्याने हा तह पुढे धुडकावला आणि कार्नॅक, एगर्टन, कॉकबर्न या तिघांना नोकरी गमवावी लागली.

लोकलमध्ये बसलेल्याला वडगाव आधी लागते, तळेगाव नंतर. कथेत हा क्रम उलटा आहे. तो उलटा का, हे एकदा खिडकीतून उमगले की माघार म्हणजे काय, ते पुन्हा पाठ करावे लागत नाही. पुस्तकातला नकाशा हे काम करू शकतो, पण इतक्या सहजपणे नाही. कानांनी ऐकलेले आणि डोळ्यांसमोरून सरकणारे एकत्र आले की स्मरणाला खुंटी मिळते. अर्थात त्यासाठी मोबाइलवरून नजर वर उचलावी लागते, आणि तेवढे कष्ट फार थोडे घेतात.

आता त्या स्टुअर्टविषयी. मराठ्यांनी त्याच्या शौर्याची कदर केली आणि त्याला ‘फाकडा’ म्हटले. रुबाबदार, बेडर वीराला दिले जाणारे हे बिरुद मानाजी शिंदे यांच्याही नावापुढे लागते. आणि ‘स्टुअर्ट’चे झाले ‘इष्टूर’. लिहिलेल्या नावावरून असे रूप सहसा होत नाही. ते ऐकलेल्या नावाचे असते. कुणीतरी कुणाकडून ऐकले, आपल्या जिभेला पेलेल तसे उच्चारले, आणि मावळात ते रुजले. वडगावला त्याची समाधी आहे. कंपनीच्या एका कप्तानाचे नाव शत्रूच्या मुलखात अडीचशे वर्षे टिकले, ते ऐकणाऱ्यांमुळे.

पण त्याच कानांनी आणखी एक गोष्ट जपली. स्टुअर्ट झाडावर चढून मराठ्यांची टेहळणी करीत असताना त्याला गोळा लागला, असे सांगितले जाते. पॉडकास्टमध्ये ही कथा आणि ४ जानेवारी ही तारीख एकाच आवाजात, एकाच खात्रीने येतात. छापील पानावर तळटीप डोळ्याला टोचते. तारखेखाली ती आहे आणि झाडाखाली नाही, हे लगेच दिसते. आवाजाला तळटीप नसते. सांगणारा जितका रंगतदार, तितकी शंका घेण्याची इच्छा कमी होते. कमअस्सलपणाचा आक्षेप खरा ठरतो तो इथे, आणि केवळ इथेच.

यावर उपाय म्हणून पॉडकास्ट सोडून देणे हा शुद्ध आळस आहे. परतीचा प्रवास असतोच. संध्याकाळची लोकल देहूरोडच्या पुढे रिकामी होऊ लागते आणि कधी कधी बसायला जागा मिळते. सकाळी ऐकलेल्यातील दोन-तीन विधाने वहीत उतरवावीत आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा : हे कुणी, केव्हा लिहून ठेवले? झाडाच्या कथेपुढे हा प्रश्न लिहिला की पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात काय मागायचे, ते ठरते. महाग पडलेल्या त्या तीन तासांची थोडी भरपाई अशी होते.

या मार्गावरच एक स्थानक आहे कामशेत. बडोद्याची नोकरी संपल्यावर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई इथे, इंद्रायणीकाठी येऊन राहिले आणि १९५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच होते. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. जदुनाथ सरकार त्यांना भेटायला याच गावी येत. मराठ्यांच्या इतिहासावरचे आजचे कितीतरी भाग, सांगणाऱ्याने नाव घेवो अगर न घेवो, त्या खंडांवर उभे असतात. कामशेतच्या फलाटावर लोकल थांबते, दोन-चार माणसे चढतात आणि कानातला आवाज पुढे बोलत राहतो.

सुट्टीच्या दिवशी हेच तिकीट वडगावपर्यंतचे काढता येते. समाधी पाहून, गावात चौकशी करून परत येईपर्यंत पुढच्या लोकलची वेळ होते. गावातल्या वृद्धांना ‘स्टुअर्टची समाधी कुठे आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘इष्टूर फाकडा’ म्हणावे. रस्ता लवकर सापडेल.