एकाच कोंबाचं झाड

नर्सरीत पाम ठेवतात तो कोपरा ‘शोभेच्या झाडां’चा असतो. अरेका, बॉटल, फॉक्सटेल, रॉयल असे पाम काळ्या पिशव्यांत ओळीने उभे असतात आणि बंगल्याचं फाटक किंवा बाल्कनीचा कोपरा डोळ्यांसमोर ठेवून त्यांतला एखादा निवडला जातो. शोभा हवीशी वाटण्यात काही गैर नाही. पण शोभेचं म्हटलं की झाड सामानात जमा होतं, आणि सामान नीटनेटकं दिसावं म्हणून आपण कात्री हाती घेतो. पामाच्या बाबतीत ही कात्रीच घातक ठरते, कारण पामाचं खोड सारं आयुष्य एकाच कोंबाच्या बळावर जगत असतं.

आंब्याची फांदी मोडली तर बाजूने नवे धुमारे फुटतात. माडाला ती सोय नाही. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं आणि नारळ-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. अशा वादळात ज्या माडाचा शेंडा मोडतो, तो उभा दिसला तरी गेलेलाच असतो. पामाच्या खोडावर झालेली जखमही भरून येत नाही, कारण सालीखाली नवं लाकूड घडवणारा थरच त्याला नसतो. खिळा ठोकला, कोयत्याचा घाव बसला, तर ती खूण अखेरपर्यंत राहते. अरेकाच्या झुबक्यात पुष्कळ खोडं असतात हे खरं, पण त्यांतल्या प्रत्येकाला कोंब एकच.

म्हणून झावळीचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. जमिनीत पोटॅश कमी पडलं की पाम ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतो. खालच्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके दिसतात ते त्यामुळे. ती पानं कुरूप म्हणून छाटली, तर झाडाची शिल्लकच आपण उचलून नेतो आणि पुढची उपासमार वरच्या पानांवर येते. शिवाय ओल्या घावाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या गाभा पोखरतात. गेंडा भुंगा तर मिटलेलं कोवळं पानच कुरतडतो. ते पान उलगडतं तेव्हा कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी खांडं दिसतात. झावळीवरचा तो त्रिकोण म्हणजे कोंबापर्यंत पोचलेल्या शत्रूची चाहूल.

कुणी म्हणेल, रॉयल पामची जड झावळी माणसावर पडली तर? हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणजे हिरवं पान कापणं नव्हे. असा पाम वाटेपासून दूर लावावा आणि वाळून लोंबलेलं पान वेळीच उतरवावं. दुसरा आक्षेप परकेपणाचा. कुंडीतला अरेका मूळचा मादागास्करचा, हे खरं. पण वनस्पतिशास्त्रात आज अरेका हे नाव चालतं ते आपल्या पोफळीला. नारळ, ताड, शिंदी हेही याच कुळातले. देशी पाम हवा असेल तर मोठ्या बागेसाठी सह्याद्रीतला भेरली माड आहे. माशाच्या शेपटीसारख्या पानांचा हा माड वाढ पुरी झाली की शेंड्याकडून खाली एकेक फुलोरा सोडत येतो, आणि सगळ्यात खालचा घोस पिकला की वठतो. एका कोंबाने केलेली सगळी कमाई फळांवर उधळून तो संपतो. सावली मात्र पाम वडासारखी देणार नाही. ज्याला ती हवी त्याने वड लावावा. वडाला जागा नाही अशा चिंचोळ्या अंगणात आणि कुंडीत पाम सुखाने राहतो, कारण त्याची मुळं दोरीसारखी सारख्याच जाडीची राहतात, फुगून भिंत फोडत नाहीत.

तेव्हा आपल्या दारच्या पामाला महिन्यातून एकदा तरी मान वर करून पाहा. मधोमध सुईसारखं मिटलेलं हिरवं पान ताठ उभं असेल, तर झाड खुशाल आहे. बाकीची पानं पूर्ण तपकिरी होईपर्यंत त्याच्यापाशीच राहू द्या.