नकाशातली कोरी जागा

ऑगस्ट पेटरमानचे नकाशे पाहताना मला त्याने काय काढलं नाही, ते आधी शोधावंसं वाटतं. १८२२ साली ब्लायखेरोडे इथे जन्मलेला हा जर्मन भूगोलवेत्ता पॉट्सडॅमला हाइनरिख बेर्गहाउसच्या हाताखाली शिकला, एडिंबरा आणि लंडनमध्ये काम करून १८५४ मध्ये गोथा इथल्या यूस्टुस पेर्थेस या नकाशांच्या प्रकाशनात रुजू झाला. पुढच्याच वर्षी त्याने सुरू केलेल्या नियतकालिकातून आफ्रिकेचे नकाशे येऊ लागले. प्रवासी गेला ती वाट केसाएवढ्या रेघेने दाखवायची, तिच्या दोन्ही अंगांना त्याच्या नजरेत आले तेवढेच डोंगर, तेवढीच गावं. पलीकडे कोरा कागद. जुन्या नकाशाकारांनी तिथे खुशाल हत्ती-सिंह चितारले असते. पेटरमानची खरी थोरवी मला या कोरेपणात दिसते.

उत्तर ध्रुवापाशी मात्र त्याचा हात आवरला नाही. गल्फ स्ट्रीमच्या उबेने बर्फाच्या पट्ट्याआड खुला समुद्र असणार, हा त्याचा ठाम ग्रह. शिवाय ग्रीनलंड ध्रुवावरून थेट सैबेरियाजवळच्या रँगेल भूमीपर्यंत गेलंय, हेही त्याने नकाशात काढून दाखवलं. कुणी म्हणेल, अंदाजाशिवाय नकाशा होतो कुठे? मोजलेल्या दोन शिखरांमधला उतारही अंदाजानेच काढतात. खरं आहे; पण तो उतार दोन्ही टोकांना मोजमापाला बांधलेला असतो. ध्रुवाकडच्या या रेघेचं पलीकडचं टोक सुटंच होतं, आणि छापल्यावर पाहिलेला किनारा काय न् कल्पिलेला काय, वाचणाऱ्याला सारखाच. त्याच्याच पुढाकाराने ध्रुवाकडे निघालेल्या १८६९ च्या जर्मन मोहिमेतलं ‘हान्सा’ जहाज बर्फात चिरडलं, खलाशी हिमखंडावर सुमारे दोनशे दिवस वाहत राहिले. तरी पेटरमानचं मत ढळलं नाही.

१८७८ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वर्षभराने त्याच्या तर्कावर भिस्त ठेवून अमेरिकन ‘जिनेट’ जहाज ध्रुवाकडे निघालं. रँगेल भूमी साधं बेट निघाली. १८८१ मध्ये जहाज बुडालं, तेहेतीसपैकी वीस जण दगावले. त्याची बाजू घेणारे इथे १८८४ कडे बोट दाखवतात: त्याच जहाजाचे अवशेष ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले आणि त्यावरून नॉर्वेजियन संशोधक नॅन्सनला बर्फाबरोबर वाहत जाण्याची युक्ती सुचली. चूक फळली, असं म्हणा हवं तर. पण फळली ती नॅन्सनच्या हातात, कारण त्याने ठोकताळा पणाला लावून मोजमाप केलं. त्याच्या ‘फ्राम’ जहाजावरचा समुद्राची खोली मोजायचा दोर अपुरा पडला, तेव्हा जहाजावरची पोलादी तार उसवून, तिचे पदर वळून नवा दोर केला. तळ लागला तीन हजार मीटरच्याही खाली.