येळवशीचा किमोनो

आमच्या लातूरकडची थंडी मोठी लहरी. पहाटे शेतात निघताना अंगावर काहीतरी लागतंच, आणि अकरा वाजले की तोच स्वेटर नकोसा होतो! म्हणून लेकीने येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, घालायला किमोनो हवा म्हटलं तेव्हा मला ते खूळ वाटलं नाही. अडलं ते कापडापाशी. तिला हवं होतं आजीच्या ट्रंकेतलं इरकल लुगडं.

"लेकरा, दुसरं काही बी माग," सासूबाई म्हणाल्या. "त्याला कातर लावायची नाही."

लुगडं त्यांच्या आईचं. 1993 च्या भूकंपात किल्लारीकडचं त्यांचं माहेरचं घर बसलं, त्यातून हाती लागलेलं हे एवढंच.

मैत्रिणींनो, किमोनो म्हणजे आपण शिवणक्लासात शिकलो ती नुसती किमोनो बाही नव्हे. जपानात तो साधारण 14 इंच पन्ह्याच्या आणि 12 मीटर लांबीच्या ठाणातून सरळ पट्ट्या घेऊन शिवतात. मुंढ्याला गोलाई नाही की चिंध्या नाहीत. जुन्या पद्धतीत तर तो धुवायला चक्क उसवत आणि पट्ट्या परत जोडत. (हल्लीच्या मुली कुर्त्यावर उघडा घालतात ती खरी हाओरीची, त्यावरच्या आखूड अंगरख्याची नक्कल.)

"म्हंजे उसवलं की परत कापडच?" सासूबाईंनी विचारलं. मग पदर तसाच ठेवायच्या अटीवर लुगडं बाहेर आलं. पावणेदोन मीटर सुती अंग घेतलं, पन्हा 45 इंच. त्याच्या 15 इंची तीन उभ्या पट्ट्या सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी फाडल्या. सुती कापड सुताबरोबर सरळ फाटतं, कातर लागत नाही.

काठाच्या दोन पट्ट्या खांद्यावरून पुढेमागे सोडायच्या. पाठीवर काठाला काठ जोडायचा, शिवण मानेखाली दोन इंचांवर थांबवायची. पुढे उघड्या कडेला आपोआप काठ येतो. मधल्या पट्टीच्या दोन बाह्या. अस्तर नको, नाहीतर दुपारी पुन्हा स्वेटरचीच गत. आत एकरंगी, फिका कुर्ता. फुलाफुलांचा घातलात तर इरकलीचा काठ मार खातो.

बाह्या मात्र रुंद. आंबील वाढताना मडक्यात बुडायच्या! जपानी बायका कामाला लागल्या की पाठीवर फुली करून एक दोरी बांधतात, तासुकी म्हणतात तिला. आम्ही परकराची नाडी वापरली.