अब्बांचा धंदा, लेकीचा अभ्यास

दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक विद्यापीठाच्या वसतिगृहातून घरी आली, ती ड्रॉइंग पेपरची भलीमोठी गुंडाळी घेऊनच. ती पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. आवारातला कचरा कमी करण्याचे तिच्या विभागाने मनावर घेतले होते आणि भित्तिपत्रके रंगवायचे काम हिच्याकडे आले होते. रात्री जेवणे झाल्यावर तिने सगळा पसारा मांडला. हिरव्या डब्यात ओला कचरा, निळ्या डब्यात सुका. निळ्या डब्याशेजारी चित्रे होती : वर्तमानपत्र, पाण्याची बाटली, चहाचा कागदी कप.

माझे अब्बा आमच्याकडेच राहतात. वय सत्तरीच्या पुढे. चष्मा पुसून त्यांनी चित्रावर बोट ठेवले. “ये कप यहाँ कायकू?”

“नाना, कागदच आहे ना तो!”

रंगाचे ब्रश बुडवायला तिने तसलाच एक कप घेतला होता. अब्बांनी तो रिकामा केला, उभा फाडला आणि पाण्याच्या भांड्यात टाकून झोपायला गेले. सकाळी बोटांनी चोळल्यावर कागदाचा लगदा सुटला आणि हातात राहिला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. “कागज का कुर्ता पैना है, अंदर प्लास्टिक है. रद्दी में गया तो रद्दी भी खराब.”

अब्बांनी तीस वर्षे भंगारचा धंदा केला. आधी हातगाडी, मग मोहल्ल्याच्या टोकाला पत्र्याचे दुकान. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळे, पुठ्ठा वेगळा. प्रत्येकाचा भाव निराळा आणि गिऱ्हाईकही निराळे. आमच्याकडचा पुठ्ठा मोठ्या व्यापाऱ्यामार्फत वापीच्या कागद गिरण्यांपर्यंत जायचा. पाण्याची पातळ बाटली आणि शाम्पूची जाड बाटली एका पोत्यात कधी पडली नाही, कारण ती दोन जातींची प्लास्टिके, एकत्र वितळवली की दोन्ही वाया. वेफरच्या चकचकीत पाकिटांना मात्र ते हातच लावत नसत. प्लास्टिकवर धातूचा मुलामा, वेगळे करणार कोण आणि घेणार कोण? हे सगळे मी लहानपणापासून पाहिले. शाळेच्या फॉर्मवर मात्र वडिलांचा व्यवसाय ‘व्यापार’ असा लिहीत आले. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

आणि एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. बी.एड.ला होते तेव्हा आमचे वर्ग विद्यापीठाच्या आवारातच भरत. एका दुपारी विभागातली जुनी वर्तमानपत्रे आणि चाचण्यांचे कागद न्यायला भंगारवाला आला. ते अब्बा होते. मी मैत्रिणींबरोबर व्हरांड्यात उभी. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी वळून सूचनाफलक वाचू लागले. तराजूच्या साखळीचा आवाज येत होता. तो थांबून हातगाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी वाचतच राहिले. संध्याकाळी घरी त्यांनी नेहमीसारखे विचारले, “फी की तारीख कब है?” बाकी काही नाही. ती फी त्याच रद्दीतून भरली जात होती.

सुट्टी संपताना लेक म्हणाली, “अम्मी, नानांना एकदा विभागात नेऊ या का? आमच्या मॅडमशी मी बोलले आहे.” मी लगेच म्हणाले, त्यांचे गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरेच. पण अब्बा आतून म्हणाले, “रिक्शा से जाएंगे.”

गेलो. अब्बांनी ईदची शेरवानी काढली होती. मुला-मुलींसमोर भाषण करायला मात्र ते तयार होईनात. म्हणाले, आधी डबे दाखवा. उपाहारगृहासमोर तीन रंगांचे तीन नवे डबे होते. झाकणे उघडली तर तिन्हींत तेच : समोशाचे तेलकट कागद, कप, अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या, शिळा भात. झाडणाऱ्या मावशी शेजारीच उभ्या होत्या. अब्बांनी त्यांना विचारले, “तुम्ही नेता कसा?” मावशी म्हणाल्या, “तिन्ही एकाच गाडीत ओततो, चाचा. गाडी एकच येती.” मुले एकमेकांकडे बघू लागली. महिनाभर ती डब्यांच्या रंगांवर चर्चा करत होती. गाडीचे कोणी विचारलेच नव्हते.

लेक नियम सांगते त्यात तथ्य आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनुसार दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या विद्यापीठांनाही वर्गीकरण बंधनकारक झाले आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे ठरले. पण अब्बांचे म्हणणे सोपे होते. कागदाला पाणी लागले की कागद मेला. म्हणून कागदाचा डबा बाहेर ठेवूच नका, प्रत्येक कार्यालयात टेबलाखाली नुसते एक खोके ठेवा. ओल्याचा डबा फक्त जिथे खाणे होते तिथे. आणि सुक्याची पोती मावशींना विकू द्या. “पैसा दिखेगा तो कोई मिलाएगा नहीं.”

हे ऐकताना मला पुण्याची आठवण झाली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या तिथल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कचरा वेचणाऱ्या बायकांशी संबंध जुळले आणि त्यातून १९९३मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा वेगळा करून उचलू लागली. तिथल्या प्राध्यापिका उकिरड्यापर्यंत गेल्या होत्या. आमच्याकडे मात्र उकिरड्याची माहिती असलेला माणूस व्हरांड्यापर्यंत येऊन गेला आणि त्याच्या मुलीने पाठ फिरवली.

परत निघताना विभागाच्या प्रमुख मॅडमनी विचारले, “काकांचा या विषयात एवढा अभ्यास कसा?” लेक काही बोलणार, त्याआधी मीच म्हणाले, “हे माझे अब्बा. भंगारचा धंदा होता. मी इथे शिकत होते तेव्हा याच इमारतीतली रद्दी तेच न्यायचे.” घसा थोडा कोरडा पडला होता. अब्बा खाली बघून शेरवानीचे बटण चाचपत राहिले.

आता चार महिने झाले. कार्यालयांतली खोकी टिकली आहेत, कागद कोरडा निघतो आणि त्याचे पैसे मावशींमध्ये वाटले जातात. एवढ्यासाठीही दोन अर्ज आणि तीन फेऱ्या लागल्या. उपाहारगृहवाला कागदी कप सोडायला तयार नाही. काचेचे ग्लास धुवायला माणूस कोण देणार, म्हणतो. त्याचेही अगदीच चूक नाही. लेक आणि तिच्या मैत्रिणी आता आपापले स्टीलचे पेले घेऊन जातात. (आपल्याकडच्या दावतींत फेकायच्या ताटल्या आल्या त्याही ‘धुवायचे कोण’ याच प्रश्नाने. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.)

सध्या आजोबा आणि नात फोनवर मे महिन्याची तयारी करत आहेत. वसतिगृह रिकामे होते तेव्हा मुली बादल्या, मग, गाद्या, अगदी नवी पुस्तकेसुद्धा खोलीत टाकून जातात. अब्बांनी तिला बजावले आहे, शेवटच्या दिवशी नको, परीक्षेच्या आठवडाभर आधीच यादी कर. आणि जुना तराजू माळ्यावरून काढून त्यांनी त्याला तेल दिले आहे.