तात्पुरतं खातं

आयटीत नोकरी करणाऱ्या पोरीने वीकांताला घरी जायचं म्हणजे काय वाढून ठेवलेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या काकूंचा प्रिंटर, मामाचा मोबाईल, किराणावाल्या दादांचं बिलाचं सॉफ्टवेअर... मी ऑफिसात डेटाबेस सांभाळते, प्रिंटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे सांगून कुणाला पटत नाही. "कॉम्प्युटरचंच शिकलीस ना?" झालं. संपला विषय.

आमचे बाबा मात्र या बाबतीत मानी. मास्तर माणूस, पोरीला विचारायचं म्हणजे काय! त्यामुळे बुधवारी आईचा फोन आला की "शनिवारी येतेस का, बाबांचा कॉम्प्युटर बिघडलाय", तेव्हाच काहीतरी खटकलं. मग आवाज बारीक करून ती म्हणाली, "आणि बाबा रात्री हजेरी घेतात."

"हजेरी घेतात म्हणजे? झोपेत?"

"नाही गं. जागेच असतात. अंधारात पडून पोरांची नावं म्हणतात. सत्त्याण्णव सालची पहिली. एखादं नाव अडलं की उठून बसतात."

माझ्या थोरल्या काकांना तीनेक वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. आता ते बाबांनाही ओळखत नाहीत. त्यामुळे आईला पुढचं काही बोलावं लागलं नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. बाबा १९८६ साली साताऱ्याकडून जिल्हा परिषदेचे शिक्षक म्हणून तलासरीत आले. तेव्हा आमचा तालुका ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. पहिल्या दिवशी वर्गात त्यांची घाटावरची मराठी पोरांना कळेना आणि पोरांची वारली बाबांना. शेवटी त्यांनी एक वही केली. पोरगं जो शब्द बोलेल तो लिहायचा, अर्थ घरी जाऊन त्याच्या आजीला विचारायचा. पोरं शिकून गेली, वही राहिली. एकीच्या नऊ वह्या झाल्या. कणसरी म्हणजे धान्याची देवी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी, लग्नातली गाणी म्हणणारी बाई. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं म्हणून त्याच्याकडे राबत राहिलेला माणूस. ही असली वेठ मोडायला १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली उभे राहिले, आणि त्याची मोठी सभा झाली ती आमच्याच तालुक्यातल्या झरीला. लग्नगडी गेला, पण बाबांना वहीत तो शब्द देणारी म्हातारी त्या घरातलीच होती.

२०१४ मध्ये वापीहून कॉम्प्युटर आणला आणि बाबा दोन बोटांनी, इनस्क्रिप्ट कळफलकावर, नऊ वह्या टाइप करायला बसले. निवृत्तीनंतर तर रोज संध्याकाळी. चार हजारांच्या आसपास शब्द झाले होते. सगळे डेस्कटॉपवर, 'शब्द' नावाच्या एका फोल्डरमध्ये. बॅकअप? अहो, आमच्या घरात बॅकअप म्हणजे मी दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत घेतलेला एक पेनड्राइव्ह. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे बॅकअप रोज रात्री घेऊन पगार मिळवणारी मुलगी मी! असो.

शुक्रवारी रात्री विरारहून डहाणू लोकल पकडली. एरवी मी तलासरी नाक्यावर उतरले की बाबा स्कूटर घेऊन उभे असतात. या वेळी नव्हते. घरी पोचल्यावर म्हणाले, "हल्ली रात्रीची चालवत नाही." नंतर आईकडून कळलं, दिवसाचीही चालवत नाहीत.

शनिवारी सकाळी चहा घेऊन बसले. पासवर्ड टाकला, घेतला. मग नव्या मशीनवर येते तशी 'तयारी चालू आहे' वाली स्क्रीन, आणि समोर कोराकरकरीत डेस्कटॉप. 'शब्द' नाही, आईच्या रेसिपी नाहीत, वॉलपेपरला लावलेला माझा पदवीदानाचा फोटोही (देवाची कृपा) नाही. उजव्या कोपऱ्यात एक सूचना आली आणि चार-पाच सेकंदांत गेली.

"हे काय आलं होतं?"

"ती जाहिरात असते. मी बंद करतो." बाबा माझ्या मागे उभे होते. "सगळं मीच पुसलं बहुतेक. कधी, ते आठवत नाही. आणि दुसरं म्हणजे... रोज संध्याकाळी टाइप करतो, सेव्ह करतो, असं मला तरी वाटतं. दुसऱ्या दिवशी उघडलं की नसतं. म्हणजे करत नसणार."

हे शेवटचं वाक्य ते इतक्या सपाट आवाजात बोलले की मला पटकन काही सुचलं नाही.

ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. विंडोजमध्ये प्रत्येक माणसाच्या खात्याचं एक फोल्डर असतं, सी ड्राइव्हवर 'यूजर्स'च्या पोटात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं त्यातच. त्याच फोल्डरात एनटीयूजर डॅट नावाची एक लपलेली फाईल असते. तुमच्या सगळ्या आवडीनिवडी तिच्यात. लॉगिन झालं की ती रजिस्ट्रीत चढवली जाते. आता ही एक फाईल खराब झाली तर? पासवर्ड बरोबर आहे, माणूस ओळखीचा आहे, पण त्याचं सामान उघडत नाही. अशा वेळी विंडोज तुम्हाला दारात उभं न ठेवता एक तात्पुरतं खातं काढून देतं. लॉजवर खोली मिळावी तसं. तिथे बसा, काम करा, पण निघताना खोली झाडून घेतली जाते. लॉगआउट केलं की त्यात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. ती जाहिरात नव्हती, हेच सांगणारी सूचना होती.

म्हणजे बाबा रोज टाइप करत होते. रोज सेव्हही करत होते. आणि रोज रात्री शहाण्या माणसासारखं मशीन नीट शटडाउन करत होते, की गेलं.

मी 'यूजर्स' उघडून बघितलं. बाबांच्या नावाचं जुनं फोल्डर तिथेच होतं, शेजारी 'टेम्प' नावाचं तात्पुरतं. मी जवळजवळ ओरडलेच. जुन्या फोल्डरवर टिचकी मारली आणि मशीन गोठलं. आतून कट्... कट्... असा आवाज. डिस्कच आजारी होती.

इथे माझ्यातल्या उत्साही इंजिनीअरला मी आवरलं, याचं श्रेय मला द्या. जालावर या दुखण्याचा जो उपाय पहिल्यांदा मिळतो तो रजिस्ट्रीचा. प्रोफाइललिस्टमध्ये जा, 'एस-१-५-२१' ने सुरू होणारी दोन नावं शोधा, एकाला शेवटी 'बॅक' लागलेलं असेल ते काढा, वगैरे. उपाय चांगला आहे, पण तो खात्याचा पत्ता चुकला असेल तर. इथे घराचीच भिंत खचत होती. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करायचे नसतात. आधी प्रत, मग बाकी सगळं.

मशीन बंद केलं, पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू केलं, आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामला माझ्या रिकाम्या एक्स्टर्नल डिस्कवर प्रत काढायला बसवलं. हा प्रोग्राम मला फार आवडतो. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतो, अडलं की सोडून पुढे जातो, आणि शेवटी अडलेल्या जागी परत परत येऊन थोडं थोडं खरवडतो. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "सोपे प्रश्न आधी. आम्ही पोरांना हेच सांगत आलो." त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू.

दुपार अशीच गेली. स्क्रीनवर आकडे सरकत होते. बाबा ओटीवर बसून होते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के सुरू झाले, धुंदलवाडीकडे सर्वात जास्त. १ फेब्रुवारी २०१९ ला तर ४.१ रिश्टरचा बसला. तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपत होते. आम्हीही अंगणात. बाबांनी तेव्हा वह्यांची ट्रंक आणि सीपीयू दोन्ही अंगणात आणले होते, वर ताडपत्री टाकून. आई अजून चिडवते, की बायकोआधी सीपीयू बाहेर काढला. त्या धावपळीत डिस्कला काही लागलं असेल का, असं मनात येऊन गेलं. पण इतकी वर्षं चाललेल्या डिस्कला कारण तरी कशाला हवं!

रात्री साडेनऊला प्रत पूर्ण झाली. काही शेकडो केबी सोडून सगळं आलं. डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली, फोल्डर उघडलं, 'शब्द' उघडलं. सगळं जागच्या जागी. आईने देवापुढे साखर ठेवली.

बाबांनी चष्मा लावून शेवटचं पान बघितलं. "हे जुनं आहे. इथपर्यंत माझं झालं होतं. त्यानंतरचं कुठंय?"

"ते नाही मिळायचं बाबा. तात्पुरत्या खात्यातलं ते पुसलं गेलं."

"हं," म्हणाले. "किंवा मी केलंच नव्हतं."

आणि झोपायला गेले. माझं सगळं लॉजचं उदाहरण पाण्यात. फाईल परत मिळाली की माझं काम झालं असं मी धरून चालले होते, आणि हे तर वेगळंच काहीतरी शोधत होते. मी रात्री पडल्या पडल्या ऐकत होते. पलीकडच्या खोलीत हजेरी चालू होती.

रविवारी सकाळी सहाला उठून मी प्रत काढलेल्या डिस्कवरचा इव्हेंट लॉग उघडला. विंडोज स्वतःची एक रोजनिशी ठेवतं, बहुतेकांना ती ठाऊकही नसते. त्यात तात्पुरत्या खात्याची नोंद क्रमांक १५११ ने होते. मी तेवढ्याच नोंदी गाळून काढल्या. अकरा. शनिवारची माझी सोडून दहा. त्याआधी एके संध्याकाळी क्रमांक ४१, म्हणजे मशीन नीट बंद न होता अचानक गेलं. आणि त्याच सुमारास डिस्कवर खराब जागा सापडल्याची नोंद.

"बाबा, तुम्ही वहीत रोजचं लिहिता ना? किती शब्द झाले ते?"

वही आली. मास्तरांची वही, त्यामुळे डाव्या बाजूला तारीख, लाल शाईत. मी स्क्रीनवरून वाचायला लागले.

"तीन तारीख. संध्याकाळी सहा बावन्न."

बाबांनी बोट ठेवलं. "तीन. चौदा शब्द."

"चार तारीख. सात वाजून पाच."

"चार. नऊ शब्द. लोत आणि शेवळाची नोंद."

"पाच. सहा अठ्ठेचाळीस."

"पाच. धवलेरीची दोन गाणी, फोनवरून." त्यांचा आवाज बदलला. "ती मी थेट टाइप केली होती. वहीत नाहीत."

सहा, सात, आठ. बोट खाली सरकत होतं. मग मी म्हणाले, "नऊ तारखेला काही नाही."

बाबांनी वही डोळ्यांजवळ नेली, आणि मग माझ्यापुढे धरली. नऊ तारखेपुढे लाल शाईत लिहिलं होतं : लाईट नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कुणी काही बोललं नाही. बाबांनी पुन्हा वरपासून सगळ्या तारखा स्वतः ताडून पाहिल्या, प्रत्येकीपुढे पेन्सिलने बरोबरची खूण केली, पेपर तपासल्यासारखी. दहाच्या दहा.

"लॉगआउट केलं की पुसतं म्हणालीस?"

"हो."

"आणि मी रोज नीट बंद करत होतो."

"हो. लाईट गेल्यावर तसंच सोडून दिलं असतंत तर कदाचित थोडंफार राहिलं असतं."

त्यावर ते बराच वेळ हसले. मग गप्प झाले, आणि म्हणाले, "दादाच्या डोक्यातली अशी यादी नाही ना काढता येत?" मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

डॉक्टरकडे जायचं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. अकरा नोंदींनी कॉम्प्युटर कळतो, माणूस नाही, आणि काकांचा इतिहास घरात आहे. बाबांनी फार कुरकुर केली नाही. पंधरा दिवसांनी जायचंय.

पुढचं काम हमालीचं. नवी एसएसडी हवी होती. मी म्हटलं ऑनलाइन मागवते, तर बाबा म्हणाले, "वापीला रविवारी दुकानं उघडी असतात," आणि आत जाऊन स्कूटरची किल्ली घेऊन आले. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. हायवेवर अच्छाड ओलांडून गुजरातेत शिरेपर्यंत मी मागे जीव मुठीत धरून बसले होते, ते मात्र त्यांच्या स्मरणशक्तीमुळे नव्हे, ट्रकांमुळे. त्यांनी वाटेत दोन शाळा आणि एका विद्यार्थ्याचं गॅरेज दाखवलं.

दुपारी नवी डिस्क, नवी विंडोज (तसाही विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे टाळाटाळीला जागा नव्हती). जुनं खातं दुरुस्त करत न बसता बाबांसाठी नवं खातं काढलं, आणि जुन्यातल्या फक्त फाइली उचलून आणल्या. ती खराब एनटीयूजर डॅट नाही आणली. नवशे लोक सगळं फोल्डर उचलून टाकतात आणि दुखणं नव्या घरी नेतात, ते करू नका. 'शब्द'ची रोज रात्री आपोआप एक प्रत माझ्याकडे येईल अशी सोय केली. आणि वापीहूनच आणलेला यूपीएस लावला.

संध्याकाळी सहा-साडेसहाला बाबा नेहमीसारखे टाइप करायला बसले. वहीतलं तीन तारखेचं पान. फोन स्पीकरवर, पलीकडे ती धवलेरी आजी. "गुरुजी, ती गाणी त मी सांगितली व्हती ना?" ती विचारत होती, आणि बाबा तिला सांगत होते, हो आजी, तुम्ही सांगितली होती, मी लिहिलीही होती, माझ्या मशीनीने खाल्ली, परत सांगा. तिने खोकून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला लाईट गेली. अंधारात यूपीएस टूं टूं करायला लागला, स्क्रीनच्या उजेडात बाबांची दोन बोटं चालूच होती.