दोन घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपण म्हणून टाकतो आणि पुढच्या बोलण्याला लागतो. मला हल्ली पुढे जाता येत नाही. हा पाहुणा उपाशी राहिलाच कसा? दोन्ही घरांत चूल पेटलेली होती, माणसंही वाईट नव्हती. पहिल्या घरच्या बाईला वाटलं, तिकडे जेवेल. दुसरीला वाटलं, तिकडून जेवून आला असेल. इथवर ठीक. पण पाहुण्याला तोंड होतं ना? पोटात कावळे ओरडताहेत, एवढं सांगायला काय हरकत होती? म्हणीत तो अवाक्षर बोलत नाही. मला तर संशय आहे की त्याने दोन्हीकडे ‘आत्ताच जेवलो’ म्हणून सांगितलं असावं. मराठी माणूस, पाटावर बसण्याआधी दोनदा ‘नको’ म्हणणारच.

हा पाहुणा मला दिल्लीत रोज दिसतो. लक्ष्मीनगरला निळ्या मेट्रोत चढतो, एका हाताने दांडा धरतो आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर जीएसटीचं लेक्चर दीडपट वेगाने ऐकत यमुना ओलांडतो. नदीच्या अलीकडे कोचिंग क्लासचे फलक आणि पीजीच्या खोल्या, पलीकडे ऑफिस. इंद्रप्रस्थ मार्गावरचं चार्टर्ड अकाउंटंटांच्या इन्स्टिट्यूटचं मुख्यालयही पलीकडेच. सीए होण्यासाठी ऑफिसात उमेदवारी करणाऱ्या या पोराला सगळे ‘आर्टिकल’ म्हणतात. आमच्या ऑफिसातही असे आहेत, त्यांच्या फॉर्मवर सह्या मी करतो. एकेकाळी माझ्या फॉर्मवर दुसऱ्या कुणी केल्या होत्या. तेव्हा दिल्लीसारख्या शहरात पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन महिना १,००० रुपये होतं आणि त्यात लक्ष्मीनगरची खाटही येत नसे. तरी विलायतेतल्या जुन्या उमेदवारांपेक्षा बरं म्हणायचं. तिथे मुलाला हाताखाली घ्या म्हणून बापच अकाउंटंटला पैसे मोजायचा.

ऑफिसाला वाटतं, थिअरी क्लासमध्ये होते. क्लासवाले सांगतात, हे तुम्हाला ऑफिसात प्रत्यक्ष कळेलच. दोघांचंही खरं असतं, आणि पोरगं सप्टेंबरअखेरीस, टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर असताना, रात्री हिरव्या पेनने टिका मारत असतं. नियमात आठवड्याला ३५ तास लिहिले आहेत. सप्टेंबरमध्ये तो नियम कुणी उघडून बघत नाही. मीही नाही.

पण ऑफिसाच्या घरी काहीच वाढत नाहीत, असंही म्हणवत नाही. ३१ मार्चला साहिबाबादच्या एका गोदामात आम्ही साठा मोजायला गेलो होतो. खोक्यांची थप्पी छतापर्यंत. स्टोअरकीपर म्हणाला, आठ आडवी, सहा उभी, दहा खोल, करा गुणाकार. बरोबरच्या मुलाने गुणाकार न करता बूट काढले आणि थप्पीवर चढला. वरून खाली डोकावून म्हणाला, ‘‘सर, बीच में कुछ नहीं है.’’ मधला भाग विहिरीसारखा मोकळा होता. स्टोअरकीपर म्हणे, हवा खेळायला ठेवलाय. साठ्याच्या मोजणीला हजर राहावं, हे पुस्तकात आहे. बूट काढून वर चढावं, हे नाही. तो मुलगा पुढे फायनलला एका गटात अडकून बसला. प्रत्येक पेपरात ४० आणि गटात एकूण ५० टक्के लागतात, आणि थप्पीवर चढण्याला गुण नाहीत.

मग कुणी कुणी ‘डमी’ करतात. नाव एका फर्ममध्ये, माणूस दिवसभर लायब्ररीत. हे उघड गुपित आहे आणि इन्स्टिट्यूट त्याविरुद्ध कारवाईही करते. म्हणजे पाहुणा एका घरी फिरकलाच नाही, तरी पानावर त्याचं नाव मांडलेलं! मला राग येतो. पण त्यातले काही पहिल्या फटक्यात पास होतात, तेव्हा त्या रागाचं काय करावं कळत नाही.

चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत कामाला गेलो की मी एका गलाईच्या दुकानाशी रेंगाळतो. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली आहेत, तसेच हे एक शेठ. मोडीचं सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी घालून ते आणखी हिणकस करावं लागतं, सोनं जेमतेम चौथाई उरेपर्यंत. मग तेजाब चांदी-तांबं विरघळवून नेतं आणि तळाला तपकिरी, मातीसारखी भुकटी राहते. तेच सोनं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गाळ राहिलाय. सोनारांच्या दुकानातला केरसुद्धा हे लोक विकत घेतात, जाळतात, धुतात आणि त्यातून कण काढतात. हाताखालचा पोरगा गावाकडचाच, भाचा नाहीतर पुतण्या. दुकानात झोपतो, शेठच्या घरीच जेवतो. त्याला एकच घर.

‘‘शिकला कधी म्हणायचा?’’ मी विचारलं.

‘‘आमच्यात परीक्षा न्हाई बघा साहेब,’’ शेठ म्हणाले. ‘‘घट जास्त आली तर माझं नुकसान. न्हाई आली, तर शिकला.’’

मला हेवा वाटला. मग त्या पोराकडे पाहिलं. धुराड्याशी उभा, नाकावर नुसता रुमाल. शेठशी पटलं नाही तर त्याने कुठे जायचं? आमच्याकडे फर्म बदलायला निदान फॉर्म असतो. एका घरचा पाहुणा पोटभर जेवत असेल, पण त्या घराबाहेर त्याचं पान कुठे मांडलेलं नसतं. शेठना हे बोललो नाही. त्यांनी चहा मागवला होता.

जुलै २०२३ पासून इन्स्टिट्यूटने आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन केली. आधी ऑफिस, ते संपलं की सहा महिने नुसता अभ्यास आणि मगच फायनल. एका घरी जेव, हात धू, मग दुसऱ्या घरी जा. कागदावर माझ्या तक्रारीचं उत्तरच मिळालं. पण रजा वर्षाला १२ दिवसांवर आल्या, आणि मेट्रोतली लेक्चरं काही बंद झालेली दिसत नाहीत. सहा महिन्यांवर कुणाचा भरवसा नाही. आमच्याकडची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, ऑफिस सुटल्यावर नुसतं पुस्तक घेऊन बसले तर मला भीती वाटेल.’’ तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. ऑफिसच्या गडबडीत चोरून वाचलेलं जास्त अंगी लागतं, असं असेल का? मला स्वतःला लेखाशास्त्रातला एक धडा भिवाडीच्या बसमध्ये समजला होता. निवांत टेबलाशी बसून समजला नसता, असं मात्र छातीठोक सांगता येत नाही. कदाचित आधीच समजला असता.